परसातल्या शेगडीवरचा हुंबा

आपल्याकडच्या जुन्या घरांत मटणाची चूल वेगळी असायची. देवघराला लागून असलेल्या मुख्य चुलीवर मटण कधी चढत नसे. परसात तीन दगड मांडायचे, त्यासाठी राखून ठेवलेले पातेले माळ्यावरून काढायचे आणि बहुधा पुरुषमंडळींपैकीच कोणीतरी बाह्या सरसावून रस्सा करायचा. जेवणे झाली की पातेले राखेने घासून पुन्हा माळ्यावर. सासू माळकरी आणि मुलाचा रविवार मटणाशिवाय उजाडत नाही, अशा घरांत या तीन दगडांनी किती भांडणे टाळली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पुढे गॅसचा ओटा आला, सगळे एकाच ओट्यावर शिजू लागले आणि ती सोय विसरली गेली. मला तिची आठवण झाली ती यंदाच्या दिवाळीच्या सुटीत, बडोद्याला. आणि ज्या पदार्थाने ती करून दिली तो थेट फिलिपिन्समधला होता.

बडोदे हे आपल्या जिल्ह्याच्या वाचकांना परगाव वाटत नाही. नवापूरच्या स्टेशनावर एकाच बाकाचे एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजरातेत, तशी आपल्याकडची कितीतरी घरे दोन्हीकडे टेकलेली आहेत. एक लेक नंदुरबारला, तर दुसरी सुरतेला नाहीतर बडोद्याला. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला, हे आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितले जाते. गायकवाडांच्या मागे गेलेली मराठी माणसे तिथेच रुजली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत फिरताना अजूनही मराठी हाका कानावर येतात. बडोद्याची प्रसिद्ध सेव-उसळ घ्या. उसळ आपली, वरून पसरलेली शेव त्यांची, आणि तिखट रश्शाला शब्द मात्र ‘तरी’! दोन मुलखांची माणसे शेजारी राहिली की आधी ताटात सोयरीक जमते.

माझी थोरली बहीण लग्न होऊन बाबाजीपुऱ्यात गेली त्याला तीस वर्षे झाली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, २०१८ साली डॉक्टर व्हायला फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात गेला. इथल्या खासगी महाविद्यालयांची फी न झेपणारी हजारो भारतीय मुले त्या देशात जातात, त्यांतलाच तो एक. शिक्षण पुरे करून परत आला आणि आता इथल्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. दिवाळीत मी गेले तेव्हा घरात एक विषय घोळत होता. भाच्याला घरी ‘हुंबा’ करायचा होता.

हुंबा म्हणजे डुकराचे मांस शिरका, सोया सॉस आणि गूळ घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला पदार्थ. फिलिपिन्सच्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या बेटांवर, जिथे सेबुआनो भाषा बोलतात तिथे, हा जत्रेला आणि घरच्या समारंभाला हमखास असतो. भाषा शिकवणारी असल्यामुळे मी आधी नावाची चौकशी केली. नाव मूळचे चिनी. चीनच्या फुजियान प्रांतातले व्यापारी शतकानुशतके या बेटांवर जात. स्पॅनिशांनी १५७१ मध्ये मनिला आपली राजधानी केली आणि १५९४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी बिनोंदो ही वस्ती वसवली. ती आजही चिनी वस्ती म्हणूनच ओळखली जाते. या फुजियानी लोकांच्या होक्किएन बोलीत ‘बा’ म्हणजे मांस. त्यांच्या ‘हाँग-बा’चा बेटांवर ‘हुंबा’ झाला. सोया सॉसला तिथे ‘तोयो’ म्हणतात, खारवून आंबवलेल्या काळ्या सोयाबीनला ‘ताउसी’. हे शब्दही होक्किएनच.

गंमत अशी की तिथल्या लोकांनी या नावाची स्वतःची फोडही करून टाकली आहे: ‘हुमोत न्गा बाबोय’, म्हणजे सुवासिक डुक्कर! आमच्या अभ्यासक्रमात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. गोव्यातल्या ‘विंदालू’चे असेच झाले. मूळ पोर्तुगीज शब्दांचा अर्थ द्राक्षासव आणि लसूण असा. पण ‘आलू’ ऐकू आल्यावर उत्तरेकडच्या हॉटेलवाल्यांनी त्यात बटाटे घालायला सुरुवात केली. शब्द परका असला तरी तो आपलाच आहे असे वाटायला लागले की समजावे, पदार्थ घरचा झाला.

तर भाच्याला हुंबा का करायचा होता? दावाओत तो एका वृद्ध बाईंच्या घरी खोली घेऊन राहत असे. त्यांना सगळी मुले ‘लोला’ म्हणत. लोला म्हणजे आजी. पहिली दोन वर्षे तो भारतीय खानावळीत डाळभात खात होता. मग २०२० चा मार्च उजाडला. १७ मार्चला भारताने फिलिपिन्सहून येणाऱ्या प्रवाशांना बंदी केली. विमाने थांबली, कॉलेज बंद झाले आणि खानावळीलाही कुलूप लागले. ताई रोज फोनवर विचारायची, “जेवलास का रे?” आणि तो म्हणायचा, “हो, लोलाने दिलं.” काय दिले हे त्याने घरी कधी सांगितले नाही. लोला आठवड्यातून एकदा मोठे पातेले भरून हुंबा करायची. शिरका आणि मीठ भरपूर, त्यामुळे तो टिकायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच मुरायचा. महिनोन्‌महिने तिने या परक्या मुलाला आपल्या पंगतीला बसवले. त्या काळाचे पैसे घेतले नाहीत.

यंदा पावसाळ्यानंतर ती लोला वारली. तिकडे नऊ दिवस प्रार्थना करतात आणि चाळिसाव्या दिवशी नातेवाईक जमून जेवतात. भाच्याला जाणे शक्य नव्हते. तो ताईला म्हणाला, “आई, चाळिसाव्या दिवशी मी इथे हुंबा करू का?”

ताईचे घर मांसाहारी. पण मांसाहारी म्हणजे बोकड, कोंबडी, मासे. डुक्कर म्हटले की आपल्यातले मटण खाणारेही नाक मुरडतात. रानडुकराची शिकार करणाऱ्या सरदारांच्या घराण्यांत ते एके काळी कौतुकाने खाल्ले जाई. गोव्यात तर ख्रिस्ती घरांतला नाताळ सोरपोतेलवाचून होत नाही. आपल्याकडे मात्र डुक्कर म्हटले की उकिरडाच डोळ्यांपुढे येतो. शिवाय घरात ताईच्या सासूबाई. सगळे त्यांना माई म्हणतात. वय ब्याऐंशी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही. ताईने प्रश्न त्यांच्यावर टाकला. माई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नातवाला म्हणाल्या, “त्या बाईने तुला कशात जेवू घातलं हे मी विचारणार नाही. तू उपाशी राहिला नाहीस, एवढं मला पुरे. माळ्यावर जुनं पातेलं आहे ते काढ. कोळशाची शेगडीही आहे. परसात कर. पण माझ्या ओट्यावर नको.”

परवानगी मिळाल्यावर सामानाची शोधाशोध सुरू झाली. फतेगंज भागात ख्रिस्ती वस्ती आहे, चर्च आहेत. तिथे ओळखीतून एका गोठवलेल्या मांसाच्या दुकानाचा पत्ता मिळाला. हुंब्याला पोटाकडचा भाग लागतो, कातडीसकट, चरबी आणि मांसाचे थर एकाआड एक असलेला. सोया सॉस आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. चायनीजच्या गाड्यांची कृपा. ताउसीची पुडी भाच्याने येतानाच आणली होती. फिलिपिन्समध्ये शिरका नारळाचा, ताडाच्या जातीच्या झाडांचा आणि उसाचाही करतात. उसाच्या शिरक्यासाठी आपल्याला दूर जायला नको. नवसारीच्या पारशांचा उसाचा काळसर ‘सरको’ पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तिथली काळपट कच्ची साखर म्हणजे आपल्या गुळाची सख्खी बहीण. मिरे, तमालपत्र, लसूण घरात होतेच. चक्रीफूल, म्हणजे आपले बाद्यान, खान्देशी काळ्या मसाल्यात पडतेच. मी मनात यादी करत गेले आणि लक्षात आले की मांस आणि ताउसी सोडली तर या परदेशी पदार्थाचे सगळे सामान आपल्या दोन जिल्ह्यांच्या टापूतले आहे.

आणि केळफूल! चिनी स्वयंपाकात वाळवलेल्या लिलीच्या कळ्या घालतात. बेटांवर त्या कुठून आणायच्या? मग तिथे वाळवलेली केळफुले आली. दावाओचा परिसर म्हणजे केळीच्या बागांचा मुलूख. तिथली केळी जहाजे भरभरून परदेशी जातात. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या दोन मुलखांत हजारो मैलांचे अंतर, पण केळफूल ओळखीचे. वाळवलेले मिळाले नाही म्हणून ताईने खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारातून ताजे, चांगले हातभर लांबीचे केळफूल आणले.

मुख्य अडचण इथे आली. केळफूल साफ करायचे कोणी? लोलाकडे वाळवलेले असे, त्यामुळे भाच्याला हे काम ठाऊक नव्हते. ताईने आयुष्यात दोनदा केलेले. माईंनी ते पाहिले, पदर खोचला आणि केळफूल पुढ्यात ओढले. हाताला तेल लावले, म्हणजे चीक चिकटत नाही. एकेक लालजांभळे आवरण काढून आतल्या फुलांचा फणा वेगळा करायचा, प्रत्येक फुलातली न शिजणारी कडक दांडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, फुले ताकात टाकायची. दीड तास त्या बसल्या होत्या. झाल्यावर दोन वाडगी भरली. एक नातवाकडे सरकवून म्हणाल्या, “हे तुझ्या लोलाला. दुसऱ्याची मी भाजी करते.” ज्या पातेल्याकडे त्या बघणारही नव्हत्या, त्यात जायची फुले त्यांनी आपल्या हातांनी निवडून दिली. यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्याजोगे नव्हतेच.

आणखी एक गोष्ट उरली होती. ताईच्या वरच्या मजल्यावर गेली बारा वर्षे एक जैन कुटुंब भाड्याने राहते. शिरक्याचा आणि मांसाचा वास वर जाणार. ताई दोन दिवस आधीच वर जाऊन सांगून आली. वरच्या बेन म्हणाल्या, “ते दिवसे तो अमे मारा भाईने त्यां ज जवाना छीए.” त्या दिवशी आम्ही माझ्या भावाकडेच जाणार आहोत. असे काही आधी ठरलेले नव्हते हे ताईला चांगले माहीत होते. तिने फक्त मान हलवली. शेजारधर्माला बडोद्यात कधी कधी असे खोटे बोलावे लागते.

आता कृती. एक किलो मांसाचे दोन-दोन इंचाचे तुकडे. जाड बुडाच्या पातेल्यात तेल न घालता ते परतले की आपल्याच चरबीत तांबूस होतात. मग एक अख्खा गड्डा लसूण ठेचून घालायचा. अर्धी वाटी शिरका ओतायचा आणि त्याला उकळी येईपर्यंत पळी लावायची नाही. लवकर ढवळले तर शिरक्याचा कच्चा वास राहतो, असा तिकडचा दंडक. उकळी आली की अर्धी वाटी सोया सॉस, दहा-बारा मिरे, तीन तमालपत्रे, दोन चक्रीफुले आणि तुकडे बुडतील इतके पाणी. झाकण ठेवून दीड तास अगदी मंद आच. शेवटच्या अर्ध्या तासात लिंबाएवढे दोन खडे गूळ, धुतलेली दोन चमचे ताउसी आणि केळफूल. गूळ आधी घातला तर तळाला लागतो. मीठ चाखूनच घालावे, कारण सॉस आणि ताउसी दोन्ही खारट. काही घरांत उकडलेली अंडी आणि शेंगदाणेही घालतात. कुकरची शिट्टी इथे कामाची नाही. कातडीतला चिवटपणा हळूहळू विरघळून रसाला दाटपणा यायला वेळच द्यावा लागतो. शेवटी रस आटून तुकड्यांवर काळपट तांबडी चकाकी आली की हुंबा झाला.

शेगडीशी बसल्या बसल्या मी भाच्याला सगळ्यांच्या मनातले विचारले, “या मांसाने रोग होतात म्हणतात, ते खरं का?” त्याचे उत्तर वाचकांना उपयोगी पडेल म्हणून देते. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ले तर पोटात पट्टकृमी होऊ शकतो. पूर्ण शिजवले तर तो मरतो, आणि हुंबा दोन तास शिजतो. पण मेंदूत गाठी होऊन फेफरे येते, तो आजार मांस खाल्ल्याने थेट होत नाही. ज्या माणसाच्या पोटात हा कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून दुसऱ्याच्या पोटात गेली की तो होतो. म्हणून आयुष्यभर मांस न शिवलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. “मावशी, यावर औषध म्हणजे संडास आणि साबण,” तो म्हणाला. डॉक्टर झालेला भाचा पाहून बरे वाटले.

त्यानेच मग आणखी एक गोष्ट सांगितली. लोलाच्या घरी एक मुसलमान मुलगाही राहत असे. दावाओ ज्या मिंदानाव बेटावर आहे तिथे मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्याच्यासाठी लोलाने एक पातेले वेगळे ठेवले होते आणि ते चुकूनही दुसऱ्या कामाला जाऊ नये म्हणून त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली होती. हुंब्याच्या दिवशी त्या पातेल्यात मासळी शिजायची. सगळे एकाच टेबलावर जेवायचे.

हे ऐकून मला माळ्यावरच्या पातेल्याचे मोल नव्याने कळले. पण वेगळे भांडे म्हटले की आपल्याकडे दुसरीही आठवण निघते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. गड्यासाठी खुंटीला अडकवलेली वेगळी कपबशी आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिली आहे. याच बडोद्यात, सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना कचेरीत प्यायला पाणी मिळाले नाही, गावात राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत आसरा घेतला तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कामाठीबागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. महाराज कितीही उदार असले तरी शहराची चूल उदार नव्हती.

म्हणून वेगळे भांडे चांगले की वाईट, असे सरसकट सांगता येत नाही. ते कोणासाठी वेगळे ठेवले आहे हे पाहावे लागते. लोलाचे चिंधी बांधलेले पातेले पाहुण्याला पंगतीत बसता यावे म्हणून होते. खुंटीवरची कपबशी माणसाला पंगतीबाहेर ठेवण्यासाठी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजकोट, बडोदे, अहमदाबाद या शहरांत रस्त्यावरच्या मांसाहारी गाड्यांबद्दल महापालिकांकडून फर्माने निघाली. बडोद्यात पदार्थ झाकून ठेवा, दिसू देऊ नका, असे सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेला, लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरवणार, असे खडसावले. स्वच्छतेसाठी अन्न झाकायला कोणाची हरकत नाही. पण नजरेला नको म्हणून झाका, हा हुकूम वरून आला की शेजारधर्माला काही कामच उरत नाही. वरच्या बेन आणि माई यांनी कोणाच्या हुकुमाशिवाय जे केले, ते कुठल्याही ठरावात लिहिता येत नाही.

संध्याकाळी परसात पाट मांडले. भाच्याने केळीच्या पानावर भात आणि हुंब्याचे दोन तुकडे वाढून ते पान तुळशीपासून दूर, भिंतीशी ठेवले. बाजूला उदबत्ती लावली. आम्ही जेवलो. चव म्हणाल तर आंबट, गोड, खारट अशी एकामागून एक उलगडत जाणारी. चरबी जिभेवर विरघळणारी. आणि केळफूल इतके रस प्यायलेले की तेच आधी संपले. भाऊजींनी आधी नाक मुरडले होते, त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. माई आत ओट्यावर केलेली केळफुलाची भाजी आणि भाकरी घेऊन परसाच्या उंबऱ्यावर बसून जेवल्या. जेवता जेवता त्यांनी नातवाला विचारले, “तिला मुलं किती होती रे?”

तो सांगत बसला. आठ वर्षांत त्याने त्या घराबद्दल कोणाला काही सांगितले नव्हते, ते त्या संध्याकाळी सांगितले.